आरटीबापूचा पेला

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की बुलढाण्याच्या बाजारात कुंभारांपुढे घागरींच्या राशी लागतात. बाया उकिडव्या बसून एकेक घागर उचलतात, बोटाच्या पेरानं वाजवतात, कान लावून ऐकतात, नापसंत करून खाली ठेवतात आणि दुसरी उचलतात. भर उन्हात तो टणटण आवाज कोपऱ्यापर्यंत येतो. आवाज आला की मी कचेरीकडच्या रस्त्यानं वळतो. फेरा पडतो, वैशाखाचं ऊन टाळूवर बसतं, तरी वळतो. घरच्या घागरी बायको आणते. मी बरोबर का येत नाही हे तिनं कधी विचारलं नाही, कारण तिला माहीत आहे. आमच्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या मागे, ॲल्युमिनियमचा एक पोचे आलेला पेला आहे. त्याला एका बाजूला कान आहे आणि बुडाशी खिळ्यानं कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं.

माझा पितरांवर विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात हा अविश्वास मला फार उपयोगी पडला.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी डोणगावपासून कोसभर असलेल्या एका गावात हायस्कुलात इंग्रजी आणि मराठी शिकवत होतो. वैशाखात त्या गावाला काही काम नसायचं. परीक्षा आटोपलेल्या, वावरं नांगरून उताणी पडलेली, विहिरींचे तळ दिसायला लागलेले. दुपारी वाऱ्याची एखादी वावटळ रस्त्यावरून चालत यायची, ग्रामपंचायतीपुढे थोडी घुटमळायची आणि कुणी दखल घेत नाही असं पाहून निघून जायची. माणसं कडुलिंबाखाली पडून असायची. अशा वेळी गावाला काहीतरी भव्य करावंसं वाटणं साहजिक होतं.

गावाकडे भव्य म्हणावं असं एकच होतं. मोठ्या लढाईच्या काळात, म्हणजे मी तिथे जाण्याच्या वीसेक वर्षं आधी, गावच्या शिवारात एक लहानसं लष्करी विमान पडलं होतं. आत एकच गोरा माणूस होता, तो मेला. लष्कराची गाडी आली, तिनं त्याला नेलं, यंत्र नेलं, बाकीचं पुन्हा येऊन नेऊ म्हणून सांगितलं आणि ती पुन्हा आली नाही. गावानं दोन महिने वाट पाहिली आणि मग विमान वापरायला काढलं. पंखाचा पत्रा कुणाच्या गोठ्यावर चढला. शेपटीच्या पत्र्याची कोंबड्यांची खुराडी झाली. मी गेलो तेव्हा एक न्हावी विमानाच्या फुटक्या काचेत गिऱ्हाइकांना त्यांची तोंडं दाखवत होता. युद्धसाहित्याचा इतका शांततामय उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग चीनची लढाई झाली आणि आपल्या गावानं देशासाठी काय केलं, असा प्रश्न पडू लागला. उत्तर भाऊसाहेबांना सुचलं. भाऊसाहेब गावच्या कापसाच्या जिनिंगचे मालक आणि आमच्या शाळेचे अध्यक्ष. जिनिंगच्या आवारातली एक लांब खोली त्यांनी रिकामी केली, चुना मारला आणि दारावर पाटी लावली : युद्धविमान संग्रहालय. गोठ्यांवरचे पत्रे उतरले. खुराडी उघडली. कोंबड्या बेघर झाल्या. तरी खोली भरेना, तेव्हा जिनिंगमधलं एक मोडकं दातेरी चाक रंग देऊन मधोमध ठेवण्यात आलं. त्याखालची चिठ्ठी मी लिहिली होती : ‘विमानाच्या यंत्राचा भाग, बहुधा.’ भाऊसाहेबांनी चष्मा लावून ती वाचली.

“मास्तर, हे बहुधा काऊन?”

“खात्री नाही म्हणून.”

“आपली खात्री नाही, तं पाहुन्याईनं काय करावं?” असं म्हणून त्यांनी तो शब्द स्वतःच्या पेनानं खोडला.

मी हसलो. मी तेव्हा पुष्कळ हसायचो. समारंभ, हार, मानपत्रं, ‘राष्ट्रचरणी’ आणि ‘शतशः प्रणाम’ यांची नक्कल करून मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हसवायचो आणि स्वतःला यांच्यापासून वेगळा समजायचो. तरीही संग्रहालयाच्या समितीत होतो. चिठ्ठ्या मी लिहायचो आणि दर शनिवारी ‘संग्रहालय वार्ता’ नावाचा मोठा कागद सुबक अक्षरांत लिहून एस.टी.च्या फाट्यावरच्या फळ्याला चिकटवायचो. एस.टी. वेळेवर येत नसल्यानं त्याला वाचक भरपूर. वाचता येणारा मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बातम्या अशा असत : धाडहून आलेल्या पाहुण्यांनी पंखाच्या पत्र्याला हात लावून समाधान व्यक्त केलं. पिंपळगाव राजाला निघालेल्या एका वरातीनं संग्रहालयास भेट दिली, मात्र नवरदेव घोड्यावरून उतरले नाहीत. काही भगिनींनी चाकाला कुंकू लावलं. तसं करू नये. मी या बातम्या चेहरा गंभीर ठेवून लिहायचो आणि लोक त्या तितक्याच गंभीरपणे ऐकायचे. थट्टा फक्त मला कळत होती. त्यात मला मोठं सुख होतं.

त्या खोलीत नसलेली एकच खरी वस्तू गावात होती आणि ती सरूबाईकडे होती.

सरूबाई एकटी विधवा बाई. ओढ्याकाठी तिचं दोन एकर वावर, त्यात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि डोणगावच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. विमान तिच्या वावरात पडलं होतं. ती आणि तिचा नवरा पळत गेले तेव्हा आतला माणूस जिवंत होता. नवऱ्यानं त्याला ओढून बाहेर काढलं, लिंबाखाली निजवलं. तो काहीतरी बोलत होता आणि कमरेच्या पेल्याकडे बोट दाखवत होता. सरूबाईनं तो सोडवला, आपल्या घागरीतलं पाणी त्यात ओतलं आणि त्याच्या तोंडाला लावलं. दोन घोट गेले. तिसरा बाहेर आला. लष्कराची गाडी आली तेव्हा पेला वांग्यांच्या टोपलीत होता. तिनं लपवला नव्हता, कुणी विचारला नाही.

तेव्हापासून दर आखाजीला ती त्याचीही घागर भरायची. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून पुजतात आणि त्याच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून बोलावून जेवू घालतात. सरूबाई एक घागर सासऱ्याची भरायची, पुढे नवरा गेल्यावर त्याची, आणि तिसरी या गोऱ्याची. त्याच्या घागरीवर तो पेला भरून ठेवायची. गावात कुणी तिला हसत नव्हतं. “माह्या वावरात मेला,” ती म्हणायची, “म्हंजे माह्याच घरचा झाला ना.”

पहिल्या वर्षी मी तिच्याकडे भाजी घ्यायला गेलो, तेव्हा तिनं पेला माझ्यापुढे उलटा धरला. “मास्तर, तुमाले इंग्रजी येते म्हन्ते. हे काय कोरलं पाहा बरं.” मी वाचलं : आर. टी. बहुधा त्याच्या नावाची अक्षरं असावीत, असं सांगितलं. तिनं ‘बहुधा’ ऐकलंच नाही. “आरटी,” ती दोनदा म्हणाली. “आतालोक नुसता वावरातला बापू म्हनून हाका मारे मी. नावाबिगर पानी कसं पोचन त्याले?” त्या आखाजीपासून तो आरटीबापू झाला. तिच्या घरात त्याला हे नाव मी लावून दिलं होतं.

संग्रहालयाचं रीतसर उद्घाटन महाराष्ट्र दिनाला ठरलं. पंचायत समितीचे सभापती येणार होते. भाऊसाहेब म्हणाले, “पत्रे पाहून सभापती काय म्हनन? वैमानिकाची एखादी चीज पाह्यजे.” पेल्याची गोष्ट त्यांना मीच सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. मला ती गोष्ट माहीत आहे हे दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरूबाईकडे गेलो. ती मिरच्या वाळत घालत होती. मी सांगितलं, एका दिवसासाठी द्या, मोठे लोक पाहतील. तिनं हात पदराला पुसले.

“आखाजी आठ दिसांवर हाये, मास्तर.”

“त्याच्या आधी आणून देतो.”

“दुसऱ्या भांड्यातलं तो पेत नाही. त्याले आपली घागर काय समजते? तो पेला ओयखते.”

“मी स्वतः आणून देतो.”

तिनं पेला राखेनं घासला, धुतला, पदरानं कोरडा केला. “दुसऱ्या कोनाले देला नसता,” ती म्हणाली. “त्याचं नाव तुम्ही सांगतलं, म्हून तुमच्या हाती देते.”

उद्घाटन थाटात झालं. सभापतींनी जिनिंगच्या चाकावर प्रेमानं थाप मारली आणि अशा यंत्रांनीच देश पुढे जाईल असं म्हणाले. पेला काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर ठेवला होता. त्याखाली माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती : ‘वैमानिकाचे जलपात्र.’ आणि त्या आठवड्याच्या वार्तेत मी आधीच लिहून ठेवलं होतं : ‘गावच्या वयोवृद्ध माता सरूबाई यांनी वीस वर्षे काळजाशी जपलेले हे पात्र स्वखुशीने राष्ट्रचरणी भेट दिले.’

हे वाक्य मी का लिहिलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भाऊसाहेबांनी सांगितलं नव्हतं. नोकरी कायम व्हायची होती हे खरं, पण त्या वाक्यावाचून ती अडली नसती. खरं कारण फार लहान आहे. वाक्य जमलं होतं. ज्या भाषेची मी टिंगल करायचो ती मलाही येते, आणि या सगळ्यांपेक्षा चांगली येते, हे हात चालता चालता माझ्या लक्षात आलं आणि हात थांबला नाही. सभापतींनी जाण्यापूर्वी कागद वाचला, भाऊसाहेबांना म्हणाले, “हे कोनी लिहिलं? डोये भरून आले बाप्पा.” मी मान खाली घातली. नम्रपणानं.

तिसऱ्या दिवशी सरूबाई जिनिंगच्या फाटकाशी आली. मी भाऊसाहेबांकडे गेलो. ते पाहुण्यांना चाक दाखवत होते.

“भाऊसाहेब, तो पेला तिला आखाजीपुरता...”

“मास्तर, एकदा कपाटात गेलं की ते संग्रहालयाचं. आज तिले पेला देला तं उद्या जो तो आपलं खुराडं मांगाले येईन.” मग ते हसले. “अन् तुम्हीच तं लिहिलं, भेट देलं म्हून.”

मी एकदाच विचारलं. नकार आल्यावर मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो. फाटकाशी येऊन मी तिला समजावलं. पेला आता देशाची ठेव आहे, म्हणालो. तिथे शंभर लोक आरटीबापूला पाहतात, म्हणालो. आणि तरी ती हलेना तेव्हा जरा रागानं, शिकल्या-सवरल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, की मेलेला माणूस पाणी पीत नाही, सरूबाई, हे आता सोडा. माझा अविश्वास तो असा कामाला आला. भाऊसाहेबांना जे सुनवायचं धैर्य नव्हतं, ते एका भाजीवालीला सुनवायला मला विज्ञान पुरलं.

तिनं डोक्यावरची टोपली सारखी केली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या मागच्या दारानं घरी गेलो.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली. मला वाटलं, आता मात्र ही शिव्या देणार. देईल तर बरं, असंही वाटलं. ती ओट्याखाली उभी राहून म्हणाली, “मास्तर, उद्या माह्याकडे पितर म्हून जेवाले या. आरटीबापूचे.”

मी बायकोकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं.

“दरसाली पुतन्या बसे,” सरूबाई म्हणाली. “पन त्याले इंग्रजी येत नाही. औंदा बापूले काई सांगाचं हाये. तुमाले येते. तुमच्या तोंडानं सांगीन.”

गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. वावरात लिंबाखाली तिनं जागा सारवली होती. बाजूला हातभर जमिनीचा एक चौकोन होता, ज्याच्यावरून तिनं वीस वर्षांत नांगर नेला नव्हता. त्यावर वाळलं गवत होतं. तीन नव्या घागरी मांडल्या होत्या. दोहोंवर आंबा आणि फूल. तिसरीवर काहीच नव्हतं. दुसरं भांडं ठेवण्याइतकी तडजोडही तिनं केली नव्हती. तिनं माझे पाय परातीत धुतले. मी पाय मागे घेतले तर म्हणाली, “बसा, तुमचे नाही धुवून राह्यली मी.” कपाळाला गंध लावलं. पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, शेवयांसारखे सरगुंडे, कुरडया, वाटीत आंब्याचा रस, चिंचवणी. एकट्या बाईनं दोन दिवस राबून केलेलं जेवण होतं. ऊन लिंबातून गळत होतं आणि पत्रावळीवर हलत होतं. दुरून जिनिंगच्या आवारातला लाउडस्पीकर ऐकू येत होता.

मी पहिला घास घेणार, तेवढ्यात तिनं हात जोडले. माझ्याकडे न पाहता, माझ्या खांद्याच्या थोडं वर पाहत ती बोलू लागली.

“आता सांगा त्याले. म्हना, फाट्यावरच्या कागदात लिहिलं, म्या पेला भेट देला म्हून. पोराईनं वाचून दाखोलं मले. म्हना, म्या देला नाही. नेला. राग धरू नको म्हना, औंदा वंजयीनं पे.” आणि ओंजळीत घागरीतलं पाणी घेऊन ती तशीच थांबली.

कुणी नेला, ते तिनं सांगितलं नाही. त्याच्या पानावर बसलेल्या माणसाचा मान तिनं राखला.

तिथे इंग्रजी समजणारं कुणी नव्हतं. ती, मी, लिंब आणि मागे रवंथ करणारी एक म्हैस. खरं सांगायला माझा पैसुद्धा लागत नव्हता. मेलेला माणूस ऐकत नाही, हे तर मीच तिला शिकवलं होतं. चार शब्दांचं वाक्य होतं, माझ्या आठवीच्या पोरांनाही जमलं असतं. मी तोंड उघडलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणालो, “द सन राइजेस इन द ईस्ट.”

आठवीच्या व्याकरणात त्रिकालाबाधित सत्याचं हे उदाहरण आहे.

सरूबाई कान देऊन ऐकत होती. “सांगतलं?”

“सांगितलं.”

“काय म्हनला तो?”

मी रसाच्या वाटीकडे पाहत राहिलो. “ठीक आहे म्हणाला.”

“रागावला नाही ना बापू?”

“नाही.”

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की ओंजळीतलं पाणी सांडलं. मग ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या वाटीत आणखी रस ओतला. “खा मग आता, मास्तर. पोटभर खा.” मी खाल्लं. सगळं खाल्लं. त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे, आणि सांगायला लाज वाटते, ती उत्तम होती.

मी त्या गावात आणखी चार वर्षं होतो. वार्ता लिहीत राहिलो. थट्टा मात्र पूर्वीसारखी जमेना. दर आखाजीला सरूबाई निरोप धाडायची आणि मी कुठेतरी परगावी गेलेला असायचो. तिची तिसरी घागर तशीच उघडी राहायची, असं तिचा पुतण्या सांगायचा. माझी बदली बुलढाण्याला झाली. मग कळलं, सरूबाई गेली. त्यानंतर दोन वर्षांनी जिनिंगची ती खोली खताच्या गोदामाला लागली. पत्रे मोडीत गेले, चाकही गेलं, त्याला मात्र मोडवाल्यानं बरोबर ओळखलं. संग्रहालयाचा जुना शिपाई एकदा बुलढाण्याला आला तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेला त्यानं माझ्या हातात ठेवला. “कपाटाची काच फुटली, मास्तर,” तो म्हणाला. “म्हटलं हे तुमचंच असन. चिठ्ठीवर अक्षर तुमचं हाये ना.”

काल बायकोनं घागरी आणल्या. आज सकाळी तिनं माझ्या वडिलांची, आईची भरली, आणि एक रिकामी घागर ओसरीवर ठेवून आत गेली. मी बराच वेळ त्या घागरीकडे पाहत बसलो. मग भरली. कपाटातून पेला काढला, राखेनं घासला, धुतला, भरून वर ठेवला. माझा पितरांवर अजूनही विश्वास नाही. पण समोर पाणी होतं, आणि तो पेला ओळखतो, असं ज्या बाईनं सांगितलं होतं तिनं मला कधी खोटं सांगितलेलं नव्हतं.

जन्मभर इंग्रजी शिकवलं मी. ओंजळीत पाणी घेऊन ते वाक्य म्हणायला गेलो आणि पुन्हा तोंडापर्यंत सूर्य आणि पूर्व दिशाच आली. म्हणून इथे लिहून ठेवतो, ज्याला पोचवता येईल त्यानं पोचवावं. आरटीबापू, तिनं दिला नव्हता. मी नेला.